कॉलरखालचे लाल टाके

लॉन्ड्री चालवणाऱ्या बाईला गावाबद्दल जे कळतं ते गावच्या डॉक्टरलाही कळत नाही. कोण बाहेर तत्त्वाचं बोलतो आणि खिशात काय विसरतो, कुणाच्या शर्टाची झिजलेली कॉलर बायको उलटून शिवते, कोण नोकरी सुटल्यावरही महिनाभर रोज इस्त्रीचे कपडे घालून घराबाहेर पडतो, सगळं आमच्या टेबलावर येऊन पडतं. मी तोंड बंद ठेवते म्हणून धंदा चालतो. घरी मात्र ते बंद होत नाही, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. तो दिवसभर गाडी घेऊन हॉटेलांच्या चादरी गोळा करत फिरतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला मी येते किती, आणि तक्रार करतो केवढी!

धंदा मला सासऱ्यांनी शिकवला. बाबा शहात्तर वर्षांचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनची तारीख ठरली की नेमकं त्याच दिवशी त्यांना महत्त्वाचं काम निघतं. पण कापडाला नुसतं बोट लावून त्यात लोकर किती आणि भेसळ किती ते सांगतील. सकाळी दुकानात येतात, स्टुलावर बसतात आणि आलेल्या प्रत्येक कपड्याची कॉलर उलटून तिच्यावरून बोट फिरवतात. प्रत्येक गिऱ्हाइकाची खूण आम्ही कॉलरच्या आत घालतो. शाई त्यांना आता दिसत नाही, तरी बोट फिरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आलेला कपडा ज्याचा त्यालाच गेला पाहिजे, हा त्यांचा एकमेव नियम. बावीस वर्षांत माझ्या हातून एकदाच अदलाबदल झाली, एका इंजिनियरची पँट एका गवयाकडे गेली. दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही, पण बाबांनी मला आठ दिवस सुनावलं होतं.

बाबा युद्धात होते. लढायला नव्हते, धुवायला होते. सैन्याच्या मागून कपडे धुणाऱ्यांची एक तुकडी असते, तिच्यात. "बाकीच्यांनी युद्ध केलं, मी ते धुतलं," एवढं एक वाक्य ते हसत म्हणायचे आणि विषय संपवायचे. आमच्या गावात स्मारक आहे. दर वर्षी स्मृतिदिनाला सगळं गाव तिथे लोटतं. बाबा कधी गेले नाहीत. त्या दिवशी ते घरात बसून बटणांचा डबा निवडायचे. मला वाटायचं, रुसलेत. कपडे धुणारे, भाकऱ्या भाजणारे, खेचरं हाकणारे, यांचं नाव कुठल्याही दगडावर नाही, त्यांना कधी कुणी पुढच्या खुर्चीत बसवलं नाही, मग माणूस रुसणारच. तो रुसवा मला पटायचाही. मी मात्र जायचे, कारण तिथे सगळ्या मैत्रिणी भेटतात.

त्या स्मारकाची एक गंमत आहे, म्हणजे आम्हाला ती इतकी वर्षं गंमत वाटायची. युद्ध संपता संपता आमच्या गावातून लढायला गेलेला एक सायकलवाला मारला गेल्याची तार आली आणि मागोमाग शवपेटी आली. दोन महिने बर्फाखाली राहिलेला देह. चेहरा ओळखण्यापलीकडचा, गळ्यातला बिल्ला हरवलेला. अंगातल्या कोटावर नंबर होता तो सायकलवाल्याचा. देह सापडला तेव्हा पाठीवर टेलिफोनच्या तारेचं भेंडोळं होतं, पुढच्या चौकीकडे जाणाऱ्या वाटेवर तो कोसळला होता. गावाने मोठ्या मानाने त्याला निरोप दिला, भाषणं झाली, आई बेशुद्ध पडली. आणि तीन आठवड्यांनी सायकलवाला स्वतः स्टेशनवर उतरला.

त्याला ताप भरला म्हणून इस्पितळात नेलं होतं. तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. त्याचे कागद त्याच्या मागून फिरत राहिले आणि कधी गाठ पडली नाही. पुढे तो चांगला पस्तीस वर्षं जगला, लग्न केलं, चार मुलं झाली. गाव त्याला लाडाने 'वारलेले' म्हणायचं. "वारलेल्यांकडून पंक्चर काढून आण," असं आम्ही सर्रास म्हणायचो आणि पाहुणे दचकायचे. पण मग समाधीत कोण, ते कुणालाच सांगता येईना. कागदांचा घोळ, एवढंच उत्तर आलं. म्हणून दगडावर 'अज्ञात सैनिक' असं कोरलं आणि तो कोट स्मारकाच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवला. सायकलवाला दर वर्षी समाधीवर फूल वाहायचा आणि म्हणायचा, "माझी जागा याने अडवलीय, मला घाई करून चालायचं नाही."

यंदा स्मारकाला नवी भिंत आली, चकचकीत काळ्या दगडाची. जुनी नावं तिच्यावर नव्याने कोरली जाणार होती, राजधानीहून बडे पाहुणे येणार होते. समारंभाला दोन महिने असताना स्मारकाचे सचिव तो कोट खोक्यात घालून माझ्याकडे घेऊन आले. सचिव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. अजूनही बोलताना खडू शोधतात.

"कसर लागलीय. हळू हाताने हं," ते म्हणाले.

"सर, मी काय धोपटण्याने बडवणार आहे का त्याला?"

"तसं नव्हे. राष्ट्राची वस्तू आहे."

"असू दे की. राष्ट्राच्या वस्तूला पण पावती मिळेल," मी म्हटलं आणि पावती फाडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोट टेबलावर पसरला. पन्नास वर्षांची धूळ ब्रशने काढली, ओल्या कापडावरून वाफ दिली. कॉलर उलटली तर आत शाईचा नंबर, फिकट पण वाचता येईल असा. त्याच्या खाली, शिवणीलगत, लाल दोऱ्याचे टाके. काही लांब, काही आखूड, मध्येच गाठी. कुणा गबाळ्याने घाईत दुरुस्ती केलीय असं समजून मी वैतागले. असली शिवण मला बघवत नाही. ब्लेड घेतलं आणि पहिला टाका उसवणार, तेवढ्यात बाबांनी सवयीने हात पुढे केला. "बघू," ते म्हणाले. मी कॉलर त्यांच्या हातात दिली.

त्यांचं बोट शाईवरून पुढे गेलं आणि लाल टाक्यांवर थांबलं. मग अगदी हळू सरकायला लागलं. शेवटापर्यंत गेलं, परत सुरुवातीला आलं.

"हा कोट कुठला?" त्यांनी विचारलं.

"स्मारकातला. अज्ञात सैनिकाचा."

बाबांनी कोट दोन्ही हातांनी छातीशी धरला. मी घाबरून पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. "शटर खाली ओढ," ते म्हणाले. भर सकाळी अकरा वाजता आमच्या दुकानाचं शटर खाली येण्याची ती पहिलीच वेळ. समोरच्या केमिस्टने लगेच फोन करून विचारलं, कोण गेलं?

"तिथे शाई गोठायची," बाबांनी सुरुवात केली. "बाटलीत नुसता खडा व्हायचा. लोकरीचा कोट ओला झाला की चार दिवस सुकायचा नाही. आणि पहाऱ्यावर जाणारा माणूस, त्याला चार दिवस बिनकोटाचा कसा पाठवायचा? मग आम्ही काय करायचो, कुणी इस्पितळात गेलेला असायचा, त्याचा कोरडा कोट आमच्याकडे पडून असायचा. तो द्यायचो. उसना. आणि नेणाऱ्याचा नंबर कॉलरखाली लाल दोऱ्याने घालायचो. लांब टाका म्हणजे पाच, आखूड म्हणजे एक, शून्याला गाठ. त्याचा स्वतःचा सुकला की तो घेऊन जायचा, हा परत द्यायचा, आम्ही टाके काढून टाकायचो."

"मग त्यात काय बिघडलं?"

"सक्त मनाई होती. एकाचा कपडा दुसऱ्याला द्यायचा नाही. माणूस सापडला तर कपड्यावरून ओळखतात ना, म्हणून. आम्हाला काय, माणसं गारठताना दिसायची. दिले. सगळे परत आले. एक आला नाही."

मला आता अंदाज यायला लागला होता आणि तो नको होता.

"चौकशीला एक साहेब आला," बाबा म्हणाले. "अमुक नंबरचा शिपाई चौकीवरून नाहीसा झालाय, तुमच्याकडून काही नेलंय का? मी म्हटलं, हो, कोट नेलाय, गरम कोट. त्याने ते लिहून घेतलं. कुणाचा कोट, ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला आत टाकलं असतं. तिसऱ्या दिवशी आमची तुकडी हलली. पुढे कानावर आलं, त्याला फरार लिहिलं. गरम कोट मिळवला आणि पळाला."

"आणि तो..."

"पळाला असेल, असंच धरून चाललो मी. कुठेतरी जगला असेल, लग्न केलं असेल. रोज स्वतःला तेच सांगायचं. आणि तो इथे तीन गल्ल्या सोडून पडलाय, एक्कावन्न वर्षं."

स्मृतिदिनाला बाबा का जात नव्हते ते मला तेव्हा कळलं. तो रुसवा नव्हता. आणि मी मात्र इतकी वर्षं त्यांच्या वतीने गावावर रुसत होते, स्वतःचंच हसू आलं मला.

"पण बाबा, त्या सायकलवाल्याचे कपडे आपण तीस वर्षं धुतले! त्याची गोष्ट गावाला तोंडपाठ आहे. तुम्हाला कधी शंका आली नाही?"

"त्याचं नाव कुठे ठाऊक होतं मला? आम्हाला तिथे नावं नव्हती, नंबर होते. आणि गाव म्हणायचं, कागदांचा घोळ. कोटाचं कुणी बोललंच नाही माझ्यासमोर." मग ते म्हणाले, "मी ऐकून घेतलं नसेल. तेही असेल."

मी त्यांना घरी पोचवलं, नंबर एका कागदावर उतरवला आणि तशीच स्मारकाच्या कार्यालयात गेले. सचिवांनी सगळं शांतपणे ऐकलं. खोलीत नव्या भिंतीचे नकाशे पसरले होते, पलीकडे निमंत्रणपत्रिकांचे गठ्ठे होते, त्यावर मोठ्या अक्षरात 'अज्ञात सैनिकास मानवंदना' असं छापलेलं.

"तुम्ही म्हणता ते खरं असेलही," ते म्हणाले. "पण जरा विचार करा. या गावात दर वर्षी एवढी माणसं लांबून येतात ती कुणासाठी? ज्यांची पोरं परत आलीच नाहीत, देहही मिळाला नाही, ते येतात. इथे आपलाच असेल असं त्यातल्या प्रत्येकाला वाटतं. नाव घातलं की तो एका घरचा झाला. बाकीच्यांनी कुठे जायचं?"

मी गप्प बसले. मी गप्प बसते तेव्हा समोरच्याच्या म्हणण्यात काहीतरी तथ्य असतं, हे मला मान्य करावं लागेल. पण मग मला लाल टाके आठवले आणि माझं डोकं फिरलं.

"सर, आमच्या दुकानात कपडा येतो तेव्हा तो कुणाचा तरी असतो. खूण सापडेपर्यंत आम्ही तो सांभाळतो. खूण सापडल्यावर, शोकेसमध्ये छान दिसतो म्हणून ठेवून घेत नाही. तुम्ही रेकॉर्ड ऑफिसला हा नंबर कळवा. उत्तर येईपर्यंत कोट माझ्याकडे राहील."

"अहो, तो राष्ट्राचा कोट आहे!"

"पावतीवर तसं लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

माणूस सरळ आहे. रागावले, दोन दिवस रस्त्यात माझ्याकडे न बघता गेले, पण पत्र पाठवलं. नुसतं पाठवलं नाही, सायकलवाल्याची जुनी फाइल काढून तिची नक्कलही जोडली; देह पुढच्या चौकीच्या वाटेवर, तारेच्या भेंडोळ्यासकट सापडल्याची नोंद तिच्यात होती. सात आठवड्यांनी उत्तर आलं. तो नंबर एका बावीस वर्षांच्या शिपायाचा होता. दूरच्या एका गावचा. शेरा: गरम कोट घेऊन फरार. नातेवाईक: एक बहीण, हयात. ज्यांनी कोट दिला त्यांनी बहिणीच्या समक्ष, सचिवांसमोर जबाब द्यावा, म्हणजे शेरा रद्द करून नाव देण्याचा विचार करता येईल, असं खाली लिहिलं होतं. नाव द्यायचं की समाधी अज्ञातच ठेवायची, हे मात्र स्थानिक समितीने ठरवायचं होतं. समारंभाला नऊ दिवस राहिले होते. कोरणारा कारागीर भिंतीपाशी येऊन बसला होता.

बाबा म्हणाले, "मी लिहून देतो. अंगठा मागा, सही मागा, काहीही. पण तिच्यासमोर नको."

"तिच्यासमोरच हवंय, बाबा."

"काय सांगू मी तिला? तुझ्या भावाला मी पळपुटा केला, मला शिक्षा होऊ नये म्हणून?"

"हो," मी म्हटलं. त्यांना गोंजारावं असं फार वाटत होतं, पण गोंजारलं असतं तर ते घरीच बसले असते. मी त्यांचा पांढरा शर्ट काढला आणि इस्त्री केली.

सचिवांनी बोलावलेली ती बहीण दुपारच्या गाडीने आली. सदुसष्ट वर्षांची, किरकोळ बांध्याची, हातात एकच पिशवी. टेलिफोन ऑफिसात जन्मभर नोकरी केलेली, त्यामुळे आवाज एकदम स्वच्छ. सचिवांनी खुर्ची दिली, चहा मागवला. टेबलावर कोट होता, तो मीच आणला होता. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

बाबा उभे राहिले. सचिव म्हणाले, बसून बोला. ते बसले नाहीत. कोट त्यांनी दिला हे सांगितलं, कुणाचा दिला ते सांगितलं, का दिला तेही. मग साहेबाला काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही ते सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही. मला वाटलं होतं, ते थंडीचं सांगतील, आपल्या वयाचं सांगतील. त्यातलं काही बोलले नाहीत.

"ती ओळ तुमची होती तर," बाई म्हणाली. "गरम कोट घेऊन फरार. पत्रात तेवढंच होतं. माझ्या वडिलांनी ती ओळ रोज वाचली. शाळेत शिकवायचे ते. शाळेतून त्यांनीच स्वतःहून राजीनामा दिला. म्हणाले, पोरांना काय सांगू मी आता? तीन वर्षांत गेले."

बाबांनी मान खाली घातली. मला उठून त्यांच्याजवळ जावंसं वाटलं, पण मी उठले नाही. चहा आला आणि तसाच राहिला.

"त्याने मागितला होता कोट?" तिने बऱ्याच वेळाने विचारलं.

"नाही. मीच दिला. तो नको म्हणत होता."

"नको म्हणत होता?"

"हो. कॉलर उलटून बघितली त्याने, नंबर दुसऱ्याचा आहे म्हणाला. दुसऱ्याचा कोट मी कसा घालू, असं म्हणाला. मी म्हटलं, अरे बाबा, तुझा सुकेपर्यंत घाल. तर म्हणे, ज्याचा आहे त्याला लागला तर? मी म्हटलं, तो इस्पितळात आहे, त्याला कशाला लागतोय. तेव्हा घातला. आणि मला म्हणाला, त्याला सांगा हं, मी जपून वापरीन."

बाईने तोंडावर हात ठेवला. ती रडेल असं मला वाटलं, पण ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होती.

"परत सांगा," ती म्हणाली. "काय म्हणाला?"

बाबांनी परत सांगितलं. तिने तिसऱ्यांदा विचारलं, त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं.

"अस्साच होता," ती म्हणाली. "माझी पेन्सिल घ्यायचा तर विचारून घ्यायचा, आणि टोक काढून परत द्यायचा. एक्कावन्न वर्षांत कुणी मला त्याचं एक वाक्य सांगितलं नव्हतं हो." मग एकदम गंभीर होऊन तिने विचारलं, "कोरडा होता ना कोट?"

"एकदम कोरडा. शेगडीपाशी ठेवलेला. अजून ऊन होता."

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही साहेबाला सांगितलं नाही, ते मला माफ करता येईल की नाही, आत्ता सांगता येत नाही. खोटं कशाला बोलू? पण कोट दिलात ते चांगलं केलंत." आणि तिने आपल्यासमोरचा चहा उचलून बाबांपुढे ठेवला. बाबा तेव्हा कुठे बसले.

सचिवांनी चष्मा पुसला. मग त्यांनी, मला सांगितलं होतं तेच तिलाही सांगितलं, फक्त जास्त हळुवारपणे. शेरा रद्द होईल, त्याचं लेखी पत्र मिळेल, ते आपण स्वतः राजधानीपर्यंत पाठपुरावा करून मिळवून देऊ. पण समाधी अज्ञातच राहिली तर? लांबून येणाऱ्यांचं त्यांनी सांगितलं, आपलाच असेल असं समजणाऱ्या आयांचं सांगितलं. निर्णय समितीने माझ्यावर सोपवला असला तरी तुमची हरकत असेल तर मी तो घेणार नाही, असंही म्हणाले. बोलताना त्यांनाच ते जड जात होतं. माझ्या ओठांवर चांगलं खरमरीत उत्तर आलं होतं, पण बाईने माझ्याकडे पाहिलं आणि मी थांबले.

"तुम्ही त्याला इतकी वर्षं सांभाळलंत, फुलं वाहिलीत," ती म्हणाली. "त्याचे उपकार मी विसरायची नाही. पण सर, अज्ञात तो तुम्हाला होता. आमच्या घरात तर त्याला सगळे ओळखत होते."

"ते खरंच. पण बाकीच्यांनी..."

"बाकीचे येतील. दुसऱ्याच्या नावासमोरही रडता येतं, सर. मी तेच केलंय. आमच्या गावच्या भिंतीवर शेजारच्या मुलाचं नाव आहे. दर वर्षी मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहायचे. कुणी विचारू नये म्हणून, तू कुणासाठी आलीस? त्या मुलाची आई माझ्या शेजारी उभी असायची. तिला ठाऊक होतं, पण तिने मला कधी बाजूला हो म्हटलं नाही. तशी माझ्या भावाच्या नावासमोर कुणीही येऊन उभं राहू दे. मी बाजूला सरेन. पण नाव असू दे."

सचिवांनी निमंत्रणपत्रिकांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. मग त्यांनी तो गठ्ठा उचलून खाली जमिनीवर ठेवला, टेबलावर जागा केली आणि कोरा कागद ओढला. पेनाचं टोपण काढलं.

"सांगा," ते म्हणाले. "पूर्ण नाव. सावकाश सांगा, कारागिराला जसंच्या तसं द्यायचंय."

बाई उठून उभी राहिली. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. "आई गेल्यापासून मोठ्याने घेतलं नाहीये हो," ती म्हणाली. "किती भावंडं विचारलं तर मी एकटीच सांगायचे."

"घाई नाही," सचिव म्हणाले.

ती पाणी प्यायली. पदराने तिने तोंड पुसलं. आणि मग तिने आपल्या भावाचं नाव घेतलं, मग वडिलांचं, मग आडनाव, एकेक वेगळं, अगदी स्पष्ट, शेजारच्या खोलीतही ऐकू जाईल अशा आवाजात. सचिव लिहीत गेले.

बाबा त्या माणसाला एक्कावन्न वर्षं पाच आकड्यांनी ओळखत होते. त्यांनी ते नाव तिच्या मागून हळूच म्हणून पाहिलं. मग चुकलं तर नाही ना, म्हणून तिच्याकडे तोंड करून पुन्हा एकदा म्हटलं. तिने मान हलवली आणि बरोबर आहे म्हणाली.